सोशल वर्करशी बोलून काय होणार?

या वेळचं पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि पत्र थोडं आवरलं आहे.

‘ताई, वय ४६. नोकरी वेर्ण्याला, औषधांच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. शिगमो झाल्यावर चार दिवसांत माझा दादा गेला. ५२ वर्षांचा होता. सकाळी छातीत दुखतं म्हणाला आणि इस्पितळात पोचेपर्यंत संपलं. त्याला एकच मुलगी, बारावीला आहे, म्हणून अग्नी मी दिला. तेव्हापासून आईचं औषधपाणी, पुतणीची फी, भाटातले (बागायतीतले) नारळ, पंचायतीतली कामं, सगळं माझ्याकडे. घर अजून बाबांच्याच नावावर, त्यामुळे वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी घालावी लागेल असं वकील म्हणतो. वहिनीचा भाऊ येऊन “हिचं काय ते बघा” असं सांगून गेला. तेव्हापासून वहिनीशी धड बोलणं नाही.

रात्री तीनला जाग येते ती येतेच. झोपेसाठी दोन पेग घेतो, पूर्वी फक्त शनिवारी घ्यायचो. मागच्या महिन्यात लाइनवरच्या एका पोरावर एवढा ओरडलो की एचआरने बोलावून घेतलं. म्हणाले, कंपनीतर्फे सहा ऑनलाइन सेशन मोफत आहेत, घ्या. अ‍ॅपवर पुण्याच्या एका बाईंचं नाव आलं, खाली “क्लिनिकल सोशल वर्कर”. सोशल वर्कर म्हणजे रक्तदान शिबिरं घेणारे ना? चुलत बहिणीची मुलगी न्यू जर्सीत असते. ती म्हणते, मामा, मी पण सोशल वर्करकडेच जाते, माझ्याच बाईंशी बोल, तू अजून “डिनायल”मध्ये आहेस. मी एकदाही रडलो नाही हे खरं. कधी कधी वाटतं, दादाच्या जागी मी गेलो असतो तर घर नीट राहिलं असतं. मोबाइलवर अनोळखी बाईशी बोलून यातलं काय सुटणार? आणि एचआरला कळणार नाही कशावरून? चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली आहे. गणपतीवरची फळा-सुपाऱ्यांची माटोळी दर वर्षी दादाच बांधायचा.’

भाऊ,

तुमचे प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवते. ‘दादाच्या जागी मी गेलो असतो तर’ हे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. मागे राहिलेल्या भावंडांच्या तोंडून हे वाक्य पुष्कळदा येतं, आणि बहुतेकांना त्यातून एवढंच म्हणायचं असतं की हा भार मला झेपत नाही, त्याला झेपला असता. पण कधी कधी त्याच्याखाली आणखी काही असतं. म्हणून आडपडदा न ठेवता विचारते. मरून जावं असं वाटतं का? कसं, कधी, याचे विचार डोक्यात येतात का? येत असतील तर सेशनची तारीख मिळेपर्यंत थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते. बांबोळीला आयपीएचबी हे मनाच्या आजारांचं सरकारी इस्पितळ आहे, तातडीच्या वेळी १०८ आहे, आणि सगळ्यात आधी घरात झोपलेलं आपलं माणूस आहे, त्याला उठवायचं. असे विचार येत नसतील तरी हे वाक्य पहिल्या सेशनमध्ये जसंच्या तसं बोला. बोलल्याने ते वाढत नाही.

दुसरी गोष्ट मनाची नाहीच. सख्खा भाऊ पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेला की डॉक्टर ती जोखीम तुमच्याही नावावर मांडतात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढं करून घ्या, आणि डॉक्टरांना दादाचं वय आवर्जून सांगा. न झोपणारी, चिडचिडी, छातीत दडपण येणारी माणसं ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी बसतात, आणि घरचे पण तेच म्हणतात. तुमच्या घरात तरी आता कुणी तसं म्हणू नये. कुठलाही चांगला थेरपिस्ट तुम्हाला पहिल्या-दुसऱ्या भेटीत हेच विचारेल.

आता ते दोन पेग. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण ती अंगातून उतरायला लागली की उत्तररात्रीची झोप मोडते. अकराला घेतलेल्याचा हिशेब तीनला येतो. म्हणजे ज्या जागेपणावर तुम्ही औषध म्हणून घेताय, ते जागेपण काही अंशी त्यातूनच येतंय. माणसं पत्रात पेग जरा कमीच लिहितात हा माझा अनुभव आहे. तुमचं तसं असेल, आणि रोजचं प्रमाण बरंच असेल, तर एकदम तोडू नका, हात थरथरणं, घाम, क्वचित झटकेसुद्धा येतात. डॉक्टरला विचारून उतरवा. खरोखर दोनच असतील तर एक-दोन आठवडे न घेता बघा. सुरुवातीच्या काही रात्री आणखी वाईट जातील, त्यावरून निकाल लावू नका.

एवढं सांगून झालं, आता सोशल वर्करकडे वळू.

रक्तदान शिबिरं घेणारेही सोशल वर्कर म्हणवतात, आणि पंचायतीची निवडणूक जवळ आली की बॅनरवर तर वाड्यावाड्यात एकेक उगवतो. त्यामुळे गैरसमजाचा दोष तुम्हाला देत नाही. मी स्वतः इस्पितळात हेच काम करून निवृत्त झाले, तेव्हा माझं मत थोडं या बाजूला झुकलेलं आहे असं धरूनच पुढचं वाचा. समाजकार्य हा विद्यापीठात शिकायचा विषय आहे. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट १९३६ साली सुरू झाली तीच मुळी समाजकार्य शिकवायला. एमएसडब्ल्यू ही त्यातली पदव्युत्तर पदवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ‘सायकियाट्रिक सोशल वर्कर’ कुणाला म्हणायचं ते लिहून ठेवलं आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम. फिल., ज्यात जाणकारांच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम करावं लागतं. ‘क्लिनिकल सोशल वर्कर’ हे नाव जास्त करून अमेरिकेतलं. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या अनुसूचीत ते आलं आहे, पण आज अ‍ॅपवर हे बिरुद लावणाऱ्यांचं शिक्षण सारखं असेलच असं नाही.

म्हणून बाईंना सरळ विचारा. एमएसडब्ल्यू कुठून केलं? मानसिक आरोग्याचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं? आणि सध्या तुमच्या कामावर सुपरव्हिजन कुणाचं आहे? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, मला मात्र तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपली अवघड केस दुसऱ्या अनुभवी माणसापुढे मांडायची सवय आहे, तो थेरपिस्ट तुमच्या बाबतीत अंदाजपंचे वागणार नाही. प्रश्नाचा राग आला तर बाई बदला. शिष्टपणा वाटेल म्हणून गप्प बसू नका, तुम्ही कारखान्यात कच्चा माल घेताना सर्टिफिकेट बघताच ना!

पदवीवर फार अडूनही बसू नका, कारण आपल्याच गोव्यात याचा मोठा दाखला आहे. १९९६ पासून काम करणाऱ्या सांगात या संस्थेने आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींचं समुपदेशन करायला लावलं. सतत देखरेख होती, ठरलेली पद्धत होती. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या रुग्णांना जास्त फरक पडला, आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. दारू जास्त पिणाऱ्या पुरुषांवरचा असाच एक अभ्यासही तेव्हाच तिथे आला, तोही गोव्यातलाच. तेव्हा सहा सेशन म्हणजे कंपनीने तोंडाला पाने पुसली असं समजू नका. सहा भेटींत बरंच होतं, नीट वापरल्या तर.

औषध मात्र या बाई देऊ शकणार नाहीत. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं, कारण तो डॉक्टर असतो. गरज दिसली तर त्या तुम्हाला तिकडे पाठवतील. पहिल्याच भेटीत गोळ्यांची नावं सांगणारा किंवा ‘इतक्या सेशनमध्ये बरं करून देतो’ असं सांगून पुढचं पॅकेज गळ्यात मारणारा सोशल वर्कर भेटला, तर तिथून उठायचं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही, मग हीच का? तुमचं पत्र पुन्हा वाचून बघा. त्यात भाऊ गेल्याचं दुःख किती ओळींत आहे आणि फी, नारळ, वकील, पंचायत, वहिनी, शिफ्ट यांना किती ओळी दिल्यात? मी याला दुःख टाळणं म्हणत नाही. तुमचं दुःख राहतं तेच या सगळ्यात. दादा गेला म्हणजे एक माणूस गेला, आणि त्याच्याबरोबर त्या घराची सगळी मांडणी गेली: आई कुणाला हाक मारायची, भाटकामाचे पैसे कोण द्यायचं, वहिनीची बाजू घरात कोण घ्यायचं. नुसतं ‘तुम्हाला आत काय वाटतं’ एवढंच विचारणाऱ्या माणसापुढे तुमच्यासारखा माणूस पंधरा मिनिटांत गप्प होईल, हे मी पैजेवर सांगते. सोशल वर्करला शिकवलेलं असतं ते माणूस आणि त्याच्या भोवतीचं सगळं एकत्र बघायला. १९०५ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट या डॉक्टरने सोशल वर्कर नेमले ते याच कारणाने. रुग्णाचं घर, काम, पैसा ठाऊक नसताना नुसतं औषध लिहून भागत नाही, हे त्याला दिसत होतं.

पहिल्या-दुसऱ्या भेटीत त्या बहुधा तुमच्या तीन पिढ्यांचा एक नकाशा काढायला घेतील: कोण कुणाचं, कोण गेलं, कुणाचं कुणाशी पटतं, कुठे अबोला. मग आणखी एक चित्र, मधे तुम्ही आणि भोवती वर्तुळं: आई, वहिनी, पुतणी, कारखाना, वकील, देवस्थान, मित्र. कुठून बळ मिळतं आणि कुठे नुसतं ओतलं जातं ते रेघांनी दाखवतात. कागदावर ते बघताना माणसं चकित होतात. तुमच्या चित्रात सगळ्या रेघा तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या असतील असा माझा अंदाज आहे, आणि तुमच्याकडे येणारी जी एक होती ती दादाची. झोपेचं, मूडचं मोजमाप करायला छोट्या प्रश्नावल्या देतील, नऊ प्रश्नांची एक, सातांची एक. पणजीला जुन्या सेक्रेटरिएटशेजारी संमोहनवाल्या आबे फारियाचा पुतळा आहे ना, हात पसरून उभा आणि समोर कोलमडलेली बाई? थेरपी म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ते येतं. तसलं काही होत नाही. चाळीस-पन्नास मिनिटं बोलणं होतं, आणि उठताना एखादं छोटं काम मिळतं.

न्यू जर्सीच्या बाईंबद्दल. भाचीचं सांगणं मायेचं आहे. तिकडे एलसीएसडब्ल्यू हा क्लिनिकल सोशल वर्करचा परवाना मिळवायला समाजकार्याची मास्टर्स पदवी, मग देखरेखीखालचं काम, बहुतेक राज्यांत ते तीन हजार तासांच्या आसपास जातं, आणि परीक्षा असं सगळं लागतं. मानसिक आजाराचं निदान करण्याचा अधिकारही त्यांना असतो. थेरपी देणाऱ्यांत तिथे सोशल वर्करांचाच भरणा मोठा आहे. पण तो परवाना एकेका राज्याचा, आणि साधारण नियम असा की थेरपी घेणारा ज्या जागी बसलाय तिथला परवाना लागतो. डिचोलीत बसलेल्या माणसाला घ्यायला त्या बहुधा नकोच म्हणतील, आणि म्हणाल्या तर ते चांगल्या थेरपिस्टचं लक्षण समजा. शिवाय भाचीची आणि तुमची थेरपिस्ट एकच नको. घरातली माणसं एकमेकांच्या गोष्टी तिथे नेतात, नाही म्हटलं तरी. डॉलरमधल्या फीबद्दल तर बोलायलाच नको.

पुणं त्यापेक्षा बरं. भाषा आपली. घरी कोंकणी आणि वाचायला मराठी अशी तुमची-माझी पिढी, तेव्हा अधेमधे कोंकणी येणार, येऊ द्या. माटोळी म्हणजे काय, भाट म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगावं लागेल. त्यात वेळ जातो खरा. पण सुपाऱ्या आणायला दादा कुठे जायचा, माटोळीला काय काय बांधायचा, हे परक्या माणसाला पहिल्यापासून सांगताना जे निघतं ते घरच्या माणसापुढे निघत नाही, त्यांना सगळं ठाऊक असतं ना. दोन-तीन भेटींनंतरही आपलं बोलणं पोचत नाही असं वाटलं, तर अ‍ॅपवर गोव्यातलं कुणी आहे का ते विचारा.

पडद्यावर बोलण्याविषयी तुम्हाला शंका आहे. मलाही होती, साथीच्या काळात मनाविरुद्ध शिकले. समोर बसलेल्या माणसाचे हात दिसतात, पाय हलतो तो दिसतो, ते पडद्यावर जातं, आणि त्याची चुटपुट मला अजून वाटते. पण सुपरवायझरच्या नोकरीत, डिचोली ते वेर्णा जाऊन-येऊन, दर आठवड्याला कुठल्या क्लिनिकच्या बाकावर तुम्ही बसणार? पडद्यावर का होईना, पण तुम्ही बसाल, आणि दुःखाच्या आणि ताणाच्या कामात नियमित बसणं याला फार किंमत आहे.

अडचण वेगळीच येणार आहे, ती घराची. जुन्या कौलारू घरात भिंती छपराला टेकत नाहीत. आतल्या खोलीत बोललेलं वसरीत आईला ऐकू जातं, आणि वहिनीबद्दल तर तुम्ही अवाक्षर काढणार नाही. तेव्हा गाडीत बसा. जिथे रेंज आहे अशा जागी, सावलीत, बाजूला लावून, इअरफोन घालून. चालवताना नाही, आणि कंपनीच्या बसमध्ये तर नाहीच. बाई तुम्हाला सुरुवातीला ‘आत्ता नेमके कुठे आहात’ असं विचारतील आणि घरच्या एका माणसाचा नंबर मागतील. दचकू नका. त्या पुण्यात, तुम्ही इथे. काही बरंवाईट वाटलं तर मदत कुठे पाठवायची हे त्यांना ठाऊक हवं. पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा व्हिडिओ तुटला तर साध्या फोनवर कुणी कुणाला लावायचा ते पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

एचआरचं. अशा योजनांत कंपनीला सहसा किती जणांनी सेशन घेतली एवढा आकडा जातो, नावं जात नाहीत. पण तुमच्या बाबतीत एचआरनेच ओरडण्याच्या प्रकरणानंतर सुचवलं आहे, त्यामुळे ‘सहसा’वर विसंबू नका. दोन गोष्टी ईमेलवर विचारून घ्या: मी हजर राहिलो की नाही हे कंपनीला कळवता का, आणि सेशनच्या नोंदी कुणाकडे राहतात. हजेरी कळवत असतील तर त्याने बिघडत नाही, बोललेलं कळवत असतील तर ते सेशन घेऊ नका. २०१७ च्या त्याच कायद्यात मानसिक उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. अपवाद असतात, जिवाला धोका असणं हा त्यातला मुख्य, आणि बाईंनी ते सुरुवातीलाच सांगायला हवेत. अ‍ॅपवर स्वतःचा ईमेल द्या, कंपनीचा नको. आणि कंपनीवर विश्वास बसतच नसेल तर कंपनीशिवायचे रस्ते आहेत: आयपीएचबीची ओपीडी आहे, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात मानसोपचार विभाग आहे. तिथे कुणी ओळखीचं भेटेल म्हणून लोक जात नाहीत. भेटलं तर तेही त्याच रांगेत असेल.

भाचीच्या ‘डिनायल’ला फार मनावर घेऊ नका. डिनायल म्हणजे नाकारणं, शोकाच्या पाच पायऱ्या सांगतात त्यातली पहिली. त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या त्या मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्या भावासाठी नव्हेत. त्या प्रत्येकाने क्रमाने चढायच्या असतात असं काही नाही. रडणं हीही परीक्षा नाही. १९९९ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी जे म्हटलं ते मला जास्त पटतं: माणूस काही वेळ गेलेल्याच्या आठवणीत असतो आणि काही वेळ पुढच्या व्यवहारात, आणि या दोन्हींत त्याची ये-जा चालू राहणं हे ठीक चाललंय याचं चिन्ह. तुमची ये-जा थांबली आहे. अग्नी दिल्यापासून तुम्ही फक्त व्यवहारात आहात, आणि दुसरी बाजू रात्री तीनला आणि त्या लाइनवरच्या पोरावर निघते. त्या पोराची माफी मागायला सेशनची वाट बघू नका, उद्याच मागा.

हे आजार आहे का, तर दादाला जाऊन पाचच महिने झालेत. दीर्घकाळ अडकलेल्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आता वेगळं नाव आहे, पण त्यासाठी किमान सहा महिने जावे लागतात, अमेरिकन वर्गीकरणात वर्ष, आणि नुसता काळ पुरत नाही, रोजचं जगणंही कोलमडलेलं असावं लागतं. तुमचं जगणं चाललंय, दमून चाललंय. म्हणून आत्ताच जा म्हणते.

राहिलं वहिनींचं. इथे मी तुमच्या बाजूने नाही. गोव्यात नोंदलेल्या लग्नात, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात. बाबांच्या घरातला दादाचा जो वाटा ठरेल त्यातला निम्मा वहिनींचा स्वतःचा आहे. तो त्या तुमच्याकडे मागत नाहीत, तो त्यांचाच आहे. उरलेला निम्मा पुतणीचा. त्यांचा भाऊ ज्या तोऱ्यात आला तो वाईट असेल, पण तो विचारायला आला कारण पाच महिने त्यांना घरात कुणी काही सांगितलं नाही, असंही असू शकतं. नेमका हिशेब वकील मांडेल. पुण्याच्या बाईंना तो विचारू नका, २०१२ चा आपला वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा त्यांच्याकडे नाही. त्यांना विचारायचं ते हे: वहिनींशी पहिलं वाक्य काय बोलू? सहापैकी एक सेशन या एकाच गोष्टीसाठी ठेवा. बाई वहिनी होऊन बसतील, तुम्ही बोलून बघाल, पहिल्यांदा चुकेल. हे असं घोटून घेणं हास्यास्पद वाटतं खरं, आणि उपयोगी पडतं. वहिनींनाही दुःख आहे, आणि त्यांच्यासाठी कुठल्या कंपनीने सहा सेशन ठेवलेली नाहीत, हे डोक्यात असू द्या.

चवथीचं मी ठरवणार नाही आणि तुम्हीही एकट्याने ठरवू नका. दुःखाचं वर्ष कुठल्या घरात कसं पाळतात ते वेगवेगळं असतं. आई, वहिनी आणि पुतणी तिघींना एकत्र बसवून विचारा. यंदा माटोळी नाही असं ठरलं तर पुढच्या वर्षी कोण बांधणार हा प्रश्न आत्ता काढू नका. तुमच्यापुरतं एक करा: दुसरं सेशन चवथीच्या आदल्या आठवड्यातलं घ्या, नंतरचं नको. सणात घर माणसांनी भरेल, प्रत्येक जण दादाचं नाव काढेल, आणि जवळ बाटलीही असेल. त्या दोन-तीन दिवसांचं काय करायचं ते आधी ठरलेलं बरं.

बुकिंग करताना अ‍ॅप ‘कारण’ विचारतं. तिथे माणसं ‘स्ट्रेस’ एवढंच लिहितात आणि मग पहिली भेट ओळख करून घेण्यात संपते. तुम्ही असं लिहा: ‘थोरला भाऊ मार्चमध्ये हृदयविकाराने गेला. झोप तीनला मोडते, रोज दोन पेग घेतो. घराची इन्व्हेंटरी व्हायची आहे, वहिनीशी अबोला आहे. कामावर राग आवरत नाही. त्याच्या जागी मी जायला हवं होतं असं कधी वाटतं. मराठी-कोंकणी बोलतो.’ पेगांचा आकडा खरा घाला. आणि वेळ सकाळपाळीच्या आठवड्यातली निवडा, दुपारी सुटल्यानंतरची. रात्रपाळी करून आल्यावर लगेच बसाल तर सेशनमध्ये डुलक्याच घ्याल.